दहाची गोळी दहालाच

*पत्र:*

मॅडम, नमस्कार. कळंब तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. दोन वर्षांखाली गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. शेक (रेडिएशन) दिले, वर्षभर बऱ्या होत्या. दिवाळीपासून कंबर धरली, आता मणक्यात गेलंय म्हणतात. आधीच्या गोळ्यांनी भागेना म्हणून मोठ्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, १५ दिवसांच्या. दर ४ तासांनी एक आणि रात्री झोपताना दोन. पण चुलत सासरे म्हणाले, ही अफू आहे, ही चालू झाली की माणूस संपला. नणंदबाई पुण्याहून फोनवर म्हणतात, आईला गुंगीत ठेवू नका. म्हणून आत्या फारच कण्हायला लागल्या की मी एखादी देते. २० दिवस झाले, निम्म्या गोळ्या डब्यात तशाच आहेत. मधून गावातल्या डॉक्टरांची दुखण्याची सुई देतो. सहा दिवस संडास नाही. विचारलं तर म्हणतात, ‘माझा भोग हाय, सोसते.’ रात्री पदराचा बोळा तोंडात धरतात, लेकरं उठू नयेत म्हणून. गोळी दिली आणि काही झालं, तर सुनेनं दिली असंच म्हणतील ना? अजून एक. त्यांना चैती पुनवेला येरमाळ्याला, येडेश्वरीच्या जत्रेला जायचंय. न्यावं का?

— एक सून, धाराशिव जिल्हा

*उत्तर:*

सूनबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पदराच्या बोळ्यापाशी दोन्ही वेळा थांबले. मी भूलतज्ज्ञ. निम्मं आयुष्य ऑपरेशन थिएटरात आणि पुढची वर्षं दुखण्याच्या ओपीडीत गेली. तोंडात पदर धरणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांतली पहिली माझी सख्खी मावशी होती.

आधी उद्या सकाळी करायचं ते सांगते. ज्यांनी मॉर्फिन लिहून दिलं त्यांना फोन करा, नाहीतर मिस्टरांना कागद घेऊन पाठवा. तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: गोळ्या आम्ही नेमानं दिल्या नाहीत, मधून सुया देतो, आणि सहा दिवस संडास नाही. लाजायचं नाही. निम्मे लोक हेच करतात आणि डॉक्टरांनाही ते माहीत असतं. लघवी नेहमीएवढी होते का, तेही सांगा, आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं. हा आजार पोटात वाढला तर मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या दाबल्या जातात. तसं झालं की मॉर्फिन अंगातून बाहेर पडत नाही, साठत जातं. मग डोस कमी करावा लागतो, दोन डोसांतलं अंतर वाढवावं लागतं किंवा औषधच बदलावं लागतं. अंगाला मधूनच झटके येणं, असंबद्ध बोलणं, नेहमीपेक्षा जास्त झोप ही त्याची लक्षणं. आणि ती गावातली सुई बंद करा. बहुतेक डायक्लोफेनॅक असणार. एखाद्या दिवशी गुडघ्याला ठीक आहे, पण अशा पेशंटच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला तीच जास्त धोक्याची. तुमच्या घरी सगळे घाबरलेत गोळीला, आणि घाबरायला हवं होतं त्या सुईला.

डॉक्टरांनी हो म्हटलं की मग घड्याळ. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीच्या दोन अशासाठी, की मध्यरात्री २ ला उठवायला लागू नये. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर अर्ध्यापाऊण तासात सुरू होतो आणि चारेक तास टिकतो. दुखू लागल्यावर द्यायची म्हटलं तर तो अर्धा तास त्यांनी तळमळतच काढायचा. शिवाय डोक्यावर चढलेलं दुखणं उतरवायला औषधही जास्त लागतं. सोयाबीननं माना टाकल्यावर स्प्रिंकलर लावून काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. दहाची गोळी दहालाच. त्या हसत असल्या, टीव्ही बघत असल्या तरीही. हसतायत म्हणजे गोळी लागू पडलीय, आता तिची गरज नाही असा अर्थ काढू नका.

हे घड्याळाचं शहाणपण काही माझं नाही. लंडनच्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचं दुखणं शमवणारा दवाखाना, काढलं. त्यांचा आग्रह एवढाच होता, की पेशंटनं वेदना होऊन औषध मागायची वेळच येऊ नये. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत सांगितली तिच्यातही हेच आहे: होईल तोवर तोंडावाटे, आणि घड्याळाप्रमाणे.

मधेच कळ उठली, कूस बदलताना किंवा संडासला उठताना, तर ज्यादा गोळी किती द्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ती दिली तरी पुढची नेमाची गोळी तिच्या वेळेलाच द्यायची. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. आणि आधीच्या ट्रामाडॉलच्या गोळ्या घरात असतील तर त्या मॉर्फिनबरोबर चालू ठेवायच्या की नाही, हे विचारल्याशिवाय देऊ नका.

आता चुलत सासऱ्यांचं. ते म्हणतात ही अफू आहे. बरोबर म्हणतात. मॉर्फिन अफूपासूनच काढतात, त्यांच्याशी खोटं बोलायचं कारण नाही. ती अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. पण ‘चालू झाली की माणूस संपला’ हे उलटं आहे. आपल्याकडे मॉर्फिन फार उशिरा, शेवटच्या आठवड्यात सुरू करतात. आजारानं माणूस जातो आणि आळ गोळीवर येतो. दुखणं मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं तोंडाचं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. उलट झोप लागते, दोन घास जातात, माणूस उठून बसतं.

व्यसनाचंही तसंच. महिनाभर घेतल्यावर शरीराला सवय लागते, म्हणून एकदम बंद करायची नाही, कमी करत आणायची. बीपीच्या किंवा दम्याच्या काही औषधांनाही हाच नियम आहे. व्यसन म्हणजे गोळीसाठी जीव टाकणं, गोळीपायी घरदार विसरणं. तुमच्या आत्या तर गोळी नको म्हणून पदर चावतायत!

मावशीचं सांगते. १९९६ साल. मी नुकतीच नोकरीला लागले होते. थिएटरात मॉर्फिनची इंजेक्शनं कुलपात असायची. ऑपरेशनच्या पेशंटला मी स्वतः ती द्यायचे, रजिस्टरमध्ये सही करायचे, रिकामी काचही मोजून परत ठेवायचे. आणि माझी मावशी तिथून तासाभराच्या अंतरावर घरात रात्रभर भिंतीवर डोकं आपटत होती. तोंडाचा कॅन्सर. तिच्यासाठी गोळी मिळेना. ठेवायचा परवाना वेगळा, आणायचा वेगळा, वाहून न्यायचा वेगळा, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा नशेबाजांसाठी केला, पण त्याच्या धाकानं दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. ज्या दवाखान्यात तिला नेलं तिथल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘डॉक्टर आहात, समजून घ्या.’ मी समजून घेतलं. तेवीस दिवस घेतलं.

हा कायदा २०१४ मध्ये बदलला. आता सरकारनं मान्यता दिलेल्या दवाखान्याला मॉर्फिन ठेवता आणि देता येतं, पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. गावातल्या मेडिकलवर मात्र मिळणार नाही, तिथे फिरून दमू नका. ज्या दवाखान्यानं दिलं तिथूनच पुढचंही घ्यायचं. गोळ्या संपत आल्यावर धावपळ नको. सहा-सात दिवसांच्या उरल्या की कोणीतरी निघायचं. कागद, ओळखपत्र आणि रिकामी पाकिटं घेऊन घरचं माणूस आलं तर चालतं का, की दर वेळी पेशंटला आणायचं, हे एकदाच विचारून ठेवा. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग कुठे आहे तेही विचारा, जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात दोन्हीकडे.

संडासचं. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच. मळमळ चार-पाच दिवसांत जाते, गुंगी दोन-तीन दिवसांत उतरते, पण हे जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर जुलाबाचं औषध नसेल तर ती चिठ्ठी अर्धी आहे असं समजा आणि मागून घ्या, बिसॅकोडिल किंवा तत्सम काहीतरी. ते रोज रात्री द्यायचं, झाली संडास तरी. इसबगोल देऊ नका. कमी पाणी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होऊन बसतो. एरंडेलाचा प्रयोगही नको. मात्र आता सहा दिवस झालेत, तेव्हा नुसती गोळी देऊन भागणार नाही. आधी नर्सनं किंवा डॉक्टरनं तपासून एनिमा द्यावा लागेल. पोट फुगलं असेल, वारा सरत नसेल, उलट्या होत असतील, तर एनिमाही नको, थेट दवाखाना.

नणंदबाईंनी ‘गुंगी’ म्हटलं तेही समजून घ्या. पहिले दोन-तीन दिवस आत्या खूप झोपतील. त्यातली बरीचशी झोप गोळीची नसते, महिनाभराच्या जागरणाची थकबाकी असते. हाक मारली की डोळे उघडतात, ओळखतात, पाणी पितात, तर झोपू द्या. हाक मारून, हलवूनही उठत नसतील, श्वास फार सावकाश चालला असेल, मिनिटाला आठापेक्षा कमी, तर पुढची गोळी थांबवा आणि १०८ ला फोन करा. नेमानं, ठरल्या डोसात दिलेल्या गोळीनं असं क्वचितच होतं, पण माहीत असावं.

आता थोडं दुखण्याबद्दल. डॉक्टरकडे गेलं की आपण म्हणतो, ‘लई दुखू लालंय.’ डॉक्टर लिहितात, ‘पेन.’ संपलं. आपल्या बोलीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका, कळ, चमक, सणक, आग, मुंग्या, रग, पीळ. एका बाईनं मला सांगितलं, ‘कमरेत ठणका हाय, पण मांडीतून करंट मारल्यावानी होतंय आन् तळपाय नुसता भाजतोय.’ तिनं माझं निम्मं काम केलं. ठणका हाडाचा. करंट, आग, मुंग्या या नसेच्या, नस दाबली गेल्याच्या. नसेच्या दुखण्याला एकटं मॉर्फिन पुरत नाही, त्याला गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं जोडीला लागतात. पोटातला पीळ आणखी निराळा. आणि हाडाच्या ठणक्यावर शेकाचा उपयोग होतो, कधी कधी एकाच दिवसाचा, एकच मोठा डोस. तो आजार बरा करायला नसतो, ठणका कमी करायला असतो. असर दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात. आत्यांना मणक्यावर असा शेक देता येईल का, हे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात किंवा संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात जरूर विचारा. पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून सांगते.

तेव्हा आत्यांजवळ बसा आणि नुसतं ‘दुखतंय का’ विचारू नका. त्याला त्या ‘नाही’च म्हणणार. ‘कसं दुखतंय, कुठून कुठं जातंय’ असं विचारा. आणि किती? दवाखान्यात शून्य ते दहा विचारतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते दहा काही कळत नाहीत. मी विचारते, ‘सोळा आण्यांच्या रुपयात किती आणे?’ लगेच उत्तर येतं: ‘काल चौदा व्हतं, आज सात-आठ आणे.’ लेकरांच्या जुन्या वहीत रेघा मारा: वेळ, गोळी, किती आणे, संडास झाली का. दर वेळी जो गोळी देईल त्यानं पुढे नाव लिहायचं. पुढच्या वेळी ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. आठवडाभर बारा आण्यांच्या खाली येत नसेल तर डोस वाढवायचा की औषध बदलायचं, ते तिच्यावरूनच ठरतं.

नावाचा रकाना मुद्दाम सांगितला. ‘सुनेनं दिली असंच म्हणतील ना’ हा तुमचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात खरा वाटला. हो, म्हणतील. आपल्याकडे दुखणाऱ्याची सेवा सुनेनं करायची आणि निर्णय फोनवरून लेकीनं, पुतण्यानं, चुलत्यानं घ्यायचा. म्हणून ही गोळी तुम्ही एकटीनं देऊ नका. सकाळी ६ ची मिस्टरांनी गाडीवर जायच्या आधी द्यायची. १० ची रात्री त्यांनीच. मधल्या तुम्ही. पुढच्या भेटीला मिस्टरांनी आणि नणंदबाईंनी दोघांनीही यायचं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं. नणंदबाईंना शत्रू समजू नका. आई लांब आहे आणि हातात फक्त फोन आहे, अशा लेकीला सल्ला देण्याशिवाय काही करता येत नाही, म्हणून त्या सल्ला देतात.

आणि गोळ्या कुलपात. तुमच्या पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक ओळ होती: चुलत सासऱ्यांची कंबर धरली तेव्हा त्यांनीच ‘त्यातली एक दे बरं’ म्हणून मागितली. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. माणूस संपवणारी गोळी स्वतःला मात्र चालली असती! देऊ नका. त्यांच्यासारख्या नवख्या माणसाला, त्यातून संध्याकाळी थोडी घेत असतील तर, ती खरोखर धोक्याची. लेकरांचा हात पोचणार नाही अशी पत्र्याची पेटी, किल्ली तुमच्या किंवा मिस्टरांच्या कमरेला. उद्या गोळ्या उरल्या तर दवाखान्यात परत द्यायच्या, उकिरड्यावर नाही.

‘माझा भोग हाय’ याला मात्र माझ्याकडे औषध नाही, आणि तुम्हीही वाद घालू नका. एवढंच म्हणून बघा: ‘आत्या, भोग तुमचा असंल, पर रातभर जागं आमी राहतो.’ माझ्या अनुभवात सासवा स्वतःसाठी गोळी घेत नाहीत, नातवंडांच्या झोपेसाठी घेतात.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा. मणक्यात आजार आहे, म्हणून अचानक पायातली ताकद गेली, कमरेखाली बधिर वाटू लागलं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ते दुखणं वाढलं असं समजून सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मोठा दवाखाना. मज्जारज्जू दाबला गेला तर काही तासांचा उशीरही पाय कायमचे घेऊन जातो.

तुमच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमच्याच जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायांवर एक मोठा अभ्यास झाला होता, गावोगावी जाऊन. ३० ते ५९ वयाच्या बायांची एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केली, तर पुढच्या वर्षांत या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. २००९ मध्ये तो छापून आला आणि जगभर त्याचा दाखला देतात. उस्मानाबादच्या बायांनी जगाला शिकवलं, आणि आपल्या गावात आज किती जणींनी तपासणी केलीय ते मोजा. तुम्ही तिशी ओलांडली असेल तर करून घ्या. मुलगी ९ ते १४ मधली असेल तर तिच्या लशीचं विचारा. आत्यांच्या ताटात जेवल्यानं, त्यांची धुणी धुतल्यानं हा आजार लागत नाही, तेव्हा त्यांचा पेला वेगळा ठेवला असेल तर तो आजच भांड्यांत मिसळून टाका.

राहिलं येरमाळा. न्या.

पण मुख्य गर्दीच्या दिवशी नको. पालखीला आमराईत जी रेटारेटी असते ती मणक्याच्या पेशंटला सोसणार नाही. एक-दोन दिवस आधी किंवा चार दिवस नंतर, दुपार कलल्यावर. त्याआधी डॉक्टरांना विचारा, मणका एवढा प्रवास सोसेल का, पट्टा बांधायचा का. पिकअपमध्ये नाही, कोणाची तरी चारचाकी मागा, मागच्या सीटवर गादी आणि कमरेखाली घट्ट उशी. २ ची गोळी देऊन पाऊण तासानं निघा. दवाखान्याची चिठ्ठी आणि मधल्या कळेची गोळी पर्समध्ये, पाण्याची बाटली, टॉवेल. खड्डे आले की गाडी उभीच करा म्हणून ड्रायव्हरला दम देऊन ठेवा, तो मिस्टरच असले तरी. पायऱ्या चढायचा आग्रह त्या करतील. खुर्चीत बसवून चौघांनी उचलावं, नाहीतर खालूनच कळसाला हात जोडावेत. चुनखडीचे पाच खडे तुम्ही वेचून त्यांच्या ओटीत घाला.

नणंदबाईंना त्याच दिवसासाठी बोलवा. मागच्या सीटवर आत्यांचं डोकं त्यांच्या मांडीवर राहू द्या. परत यायला सहा वाजतील. पेटीची किल्ली तुमच्याकडे आहेच, पण सहाची गोळी त्यांना द्यायला सांगा, आणि वहीत नावही त्यांनाच लिहू द्या.